गाडीत लांब बघ, शिडीवर जवळ

अगं, कळसूबाईच्या शिडीची भीती वाटते एवढं सांगायला तुझा आवाज का उतरला? लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून डोंबिवली ते दादर जाणारी बाई तू, आणि म्हणतेस, "ताई, मी पहिल्यापासून भित्रीच." अजिबात नाही. उंचावर गेलं की तोल सांभाळायला शरीराला जी माहिती लागते, तिच्यातली थोडी मिळेनाशी होते. ते शरीराला बरोबर कळतं आणि पाय लटपटतात. यात लाजण्यासारखं काय आहे?

मे अखेरीला तुम्ही काजवे बघायला येताय, तू, लेक आणि सासूबाई. तिघींची गाऱ्हाणी तू एका दमात सांगून टाकलीस. तुला शिडी, लेकीला गाडी लागते, आणि सासूबाईंनी अंथरुणात कूस बदलली की त्यांचं घर फिरतं. तुला ती वेगवेगळी वाटली, पण मूळ एकच. दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं मी. "चक्कर येते" म्हणत आलेल्या बाईला "अशक्तपणा असेल, लिंबू-सरबत घे" सांगून वाटेला लावलेलं इतकं बघितलंय, की या विषयावर मला गप्प बसवत नाही. तेव्हा ऐक.

आधी एक कर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहा, पावलं जुळव, डोळे मीट. घोट्यापाशी काहीतरी सारखं चाललंय ना? पोटरी ताणतेय, सोडतेय, अंगठा जमीन दाबतोय. आपण कधीच स्थिर उभं नसतो. सतत किंचित पुढेमागे झुलत असतो आणि पडायच्या आत स्वतःला सावरत असतो. डोळे उघडे असले की हे झुलणं कमी, मिटले की लगेच वाढतं. बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात हीच तपासणी रुजवली. मज्जारज्जू बिघडलेले त्यांचे काही रोगी चारचौघांसारखे उभे राहत, पण डोळे मिटले की तोल जाई. अशा माणसाचा तोल जायची हमखास वेळ कोणती, माहितेय? सकाळी तोंड धुताना, साबणासाठी डोळे मिटले की.

म्हणजे डोळे एक. दुसरे तळपाय, घोटे, गुडघे, मान, जिथे जिथे स्नायू आणि सांधे आहेत तिथून येणारी खबर. आणि तिसरा कान. कान ऐकण्यासाठी आहे एवढंच शाळेत डोक्यात बसतं, पण ऐकण्याच्या शंखाला लागूनच, कानामागच्या हाडात खोल, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या आहेत. होकाराची मान हलली, नकाराची हलली, खांद्याकडे कलली, तिन्ही दिशांना एकेक नळी. आत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, त्याने आतले केसासारखे तंतू वाकतात, आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. नळ्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अगदी सूक्ष्म खडे रुतलेले असतात. वर कुठे, खाली कुठे, गाडी सुटली की थांबली, हे त्या खड्यांच्या वजनावरून कळतं. सासूबाईंसाठी हे खडे लक्षात ठेव.

द्रवाचं रेंगाळणं समजायला प्रयोग करायची गरजच नाही, तू मंगळागौरीत फुगडी घातलेली आहेस. फेर धरला की पंधरा-वीस सेकंदांत नळीतला द्रवही नळीच्या वेगाने फिरायला लागतो आणि तंतू सरळ होतात. कानाच्या लेखी आता सगळं शांत. थांबलात की नळी थांबते, द्रव मात्र पुढे फिरत राहतो, जसं तांब्या गरकन फिरवून थांबवला तरी आतलं पाणी फिरतं. मग तंतू उलटे वाकतात आणि स्वयंपाकघर, ओटा, बसलेल्या बायका, सगळंच गरगरतं. जुन्या बायका फुगडीत एकमेकींच्या तोंडाकडे नजर लावतात, ते उगीच नाही. फिरणाऱ्या त्या सगळ्या गोंधळात समोरचीचं तोंड तेवढं जागेवर असतं.

आणखी एक गंमत लेकीला करायला लाव. वर्तमानपत्र हातात स्थिर धरून डोकं नाही-नाही असं भराभर हलवायचं. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून पेपर तेवढ्याच वेगाने हलवायचा. वाचून दाखव म्हणावं! पहिल्या वेळी कानातून निघालेला हुकूम डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात पोहोचलेला असतो आणि डोळे डोक्याच्या उलट दिशेला तेवढेच वळतात. पेपर हलतो तेव्हा कानाला काही ठाऊकच नसतं. चालताना समोरचं जग आपल्याला हिंदकळलेलं दिसत नाही ते याच्याच जिवावर.

आता लेकीचं. कसारा घाट आला की पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असणार, मी लिहून देते. मोबाइल जागचा हलत नाही, म्हणून डोळे सांगतात आपण बसलोय. कान सांगतो, छे, आत्ताच डावीकडे वळलो, आता उजवीकडे, आता ब्रेक लागला. दोघांचं पटेना की मळमळ सुरू. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधी त्याच्या हातांना ते ठाऊक असतं. हे सगळं कानाचंच खरं कारस्थान, याचा पुरावा फार जुना आहे. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८८२ साली मूकबधिर मुलांना गरगर फिरवून पाहिलं, तर कित्येकांना भोवळ आलीच नाही. कानाबरोबर त्यांच्या नळ्याही निकामी झालेल्या होत्या. नळ्या अजिबात चालत नाहीत त्याला बोटही लागत नाही. म्हणजे लेकीला गाडी लागते याचा अर्थ तिचे कान ठणठणीत आहेत. तिला हे सांग, रुसवा जाईल.

करायचं काय? पुढच्या सीटवर बसव, काच खाली, मोबाइल तुझ्या पर्समध्ये, आणि नजर लांब, रस्त्याच्या टोकाला नाहीतर डोंगराच्या कडेला. घोटी सोडली की डोंगर दिसायला लागतातच, पायथ्याच्या बारी गावापर्यंत कळसूबाई ओळखायचा खेळ लाव. पोट ना रिकामं ना तट्ट. आलेपाक चघळायला हरकत नाही, बऱ्याच जणांना बरं वाटतं. एव्होमिनची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती निघण्याआधी घ्यायची असते, आणि मुलीच्या वयाला किती हे डॉक्टरांना विचारून. झोप येते तिने. लहान मुलांना, साधारण सहा-सात वर्षांपासून बारापर्यंत, हा त्रास जास्त असतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. तुझा झालाच की.

आणि आता ऐक, तुझी शिडी. गाडीत लांब बघायचं, शिडीवर जवळ बघायचं, बरोब्बर उलट. मघाशी म्हटलं ना, आपण सतत झुलत असतो आणि डोळे ते झुलणं पकडतात. कसं पकडतात? जवळची वस्तू आपण झुललो की डोळ्यांत सरकते. दारात उभी असताना चौकट हातावर असते, तुझं बोटभर झुलणंही तिच्यावर दिसतं. पण समोर मोकळी दरी आणि पलीकडे दूरवर अलंग-मदन-कुलंगचे किल्ले असले, तर तू बोटभर झुललीस काय आणि वीतभर झुललीस काय, डोळ्यांत काही सरकतच नाही. डोळ्यांकडून खबर येणं बंद. मग शरीर खरोखरच जास्त झुलायला लागतं, ते पायांना आणि कानाला जाणवतं, आणि तुझ्या छातीत धस्स होतं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर ते, १६४६ मीटर. आजूबाजूला नजर ठेवायला दुसरं काही तेवढं उंच नाहीच!

म्हणून शिडीवर पाय ठेवलास की नजर हातातल्या पायरीवर. लोखंडाचा गंज, रंगाचे पोपडे, मागचा काळा कातळ, असं काहीतरी हातभर अंतरावरचं बघ. दोन पाय नि एक हात, नाहीतर दोन हात नि एक पाय, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत. दरी बघायचीच असेल तर थांबून, कातळाला पाठ लावून बघ, चालता चालता नाही. मान वर करून शिखर शोधत बसू नकोस. डोकं मागे टाकलं की पिशव्यांतले खडे त्यांच्या नेहमीच्या टप्प्याबाहेर जातात आणि कानाचा अंदाज कच्चा होतो. कठडा मात्र आवळून धरायची गरज नाही. प्रयोगशाळेत माणसांना उभं करून मोजलेलं आहे, की आधार म्हणून वजन अजिबात न टाकता नुसतं बोट जरी स्थिर वस्तूला टेकलं, तरी झुलणं चांगलंच कमी होतं. बोटाच्या टोकाला जे कळतं तेवढं मेंदूला पुरतं. नवरात्रात बारीकडच्या बायका देवीची ओटी घेऊन चढतात, त्यांचे हात बघ कधी. साखळ्या धरून चढायच्या त्या काळापासूनची ही वाट आहे त्यांची. कठड्याला मूठ नसते, बोटं घसटत जातात.

दोन बारीकसारीक गोष्टी. तुला नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय. त्याच्या खालच्या भागातून जवळचं वाचायचं असतं, त्यामुळे उतरताना पायाखालची पायरी नेमकी धूसर होते. जुना लांबचा चष्मा घेऊन ये. आणि ते जाड, मऊ तळव्याचे ढगासारखे बूट आणलेस तर मी दारातच काढून ठेवीन. तळपायाची कातडी फार शहाणी असते, तिच्यात दाब कुठे वाढला, कुठे घसरलं हे ओळखणाऱ्या जागा ठासून भरलेल्या आहेत. फोमच्या जाड थरातून तिला अर्धंच कळतं. पकड चांगली आणि तळवा पातळ, असे बूट हवेत. पहाटे निघू, दुपारी त्या लोखंडाला हात लावता येत नाही.

इकडे आलीस की वाटेत डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका दिसतील. मे महिना ना, धरण उशाशी आणि घसा कोरडा, अशी या भागातल्या कितीतरी वाड्यांची गत. विल्सन धरण १९२६ पासून प्रवरेचं पाणी अडवतंय, घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, पण उन्हाळ्यात वरच्या वाडीत पाणी डोक्यावरूनच येतं. त्यांची चाल बघ एकदा. चुंबळीवर हंडा, त्याच्यावर कळशी. पाय खडकावर वेडेवाकडे पडतात, गुडघे नि कंबर सगळं वरखाली करतात, आणि मानेपासून वर काहीही हलत नाही. डोकं स्थिर म्हणजे कानातला द्रव शांत, आणि नजर समोर एका जागी. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर १९८६ मध्ये अभ्यास झाला, तर शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचा भार डोक्यावर घेऊन चालताना त्यांना रिकाम्या चालण्यापेक्षा जास्त शक्ती लागत नव्हती. इतकं शरीर शिकतं. पण त्याचं कौतुक करून फोटो काढू नकोस हं. मानेचे मणके झिजलेल्या बायका मी दवाखान्यात पाहिल्यात. ही विद्या त्यांनी हौसेने नाही शिकलेली.

शिकता येतं हे मात्र खरं, आणि कुठल्याही वयात. सगळ्या खबरा गोळा करून हिशोब जुळवणारा लहान मेंदू सरावाने सुधारतो. अजून तीन आठवडे आहेत. रोज दात घासताना ओट्याजवळ एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. जमायला लागलं की एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच जोडत सरळ रेषेत चाल. जमिनीवर बसून हात न टेकता उठायचं. सोफ्यावर बसून बसून आपण जे घालवलंय ना, त्यातलं पुष्कळ परत येतं.

काजव्यांच्या रात्रीचं आधीच बजावून ठेवते. तिथे बॅटऱ्या पाजळायच्या नसतात, प्रकाशाने काजवे बिथरतात, आणि पाजळू नयेतच, माझंही तेच मत. पण अंधार म्हणजे डोळे रजेवर. वर हिरड्या-सादड्याच्या अख्ख्या झाडांची उघडझाप चाललेली, म्हणजे नजर लावायला एकही जागा स्थिर नाही. अंधारात एकच ठिपका एकटक बघत राहिलीस तर तो जागचा न हलताही तरंगताना दिसेल, डोळ्यांना आजूबाजूचं मोजमाप नसतं म्हणून. तेव्हा बघताना थांबायचं, चालताना पायाकडे, आणि हातात काठी. काठीचं टोक जमिनीला टेकलं की तेच तुझं बोट. दगड-ढेकळांतून चालायचं तर पावलं जरा फाकवून टाक, दिसायला बदकासारखं दिसलं तरी अंधारात कोण बघतंय?

रंधा धबधबा तेव्हा कोरडाच असेल, पण पुन्हा पावसाळ्यात आलीस तर एक कर. कठड्यामागे उभं राहून पडणाऱ्या पाण्याकडे अर्धा-एक मिनिट टक लाव, मग नजर बाजूच्या कातळावर ने. कातळ वर चढताना दिसतो! स्कॉटलंडमध्ये एका धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स या गृहस्थांनी १८३४ मध्ये हे लिहून ठेवलंय. डोळा किती सहज फसतो बघ. म्हणून ओल्या खडकावर उभं राहून पाण्याकडे टक लावायची नाही. आणि पोरं धबधब्याखाली डोकं घालतात, त्यात एका कानात गार पाणी गेलं तरी गरगरू शकतं, कारण द्रव थंड होऊन हलतो. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी कान धुताना रोग्यांना चक्कर का येते याच्या मागे लागले आणि त्यातून त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा स्वारी रशियाच्या युद्धकैदेत होती.

राहिल्या सासूबाई. त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुम्ही सगळे त्यालाच "वयाचं आहे" म्हणून हसण्यावारी नेताय. कूस बदलली की, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की, उठून बसलं की गरगर, मिनिटाच्या आत थांबते, बाकी वेळ ठीक. हे ऐकून मला ते खडेच आठवले. पिशवीतले काही खडे सुटतात आणि शेजारच्या नळीत जाऊन पडतात. मग डोकं ठराविक दिशेला गेलं की तिथला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला वाटतं आपण गरागरा फिरतोय. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांमध्ये, हे फार आढळतं. यावर महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. ते आडवं झोपवून डोळ्यांची थरथर बघतात, आणि खात्री झाली की डोकं क्रमाक्रमाने वळवून खडे मूळ जागी परत घालवतात. पाच-दहा मिनिटांचं काम, बऱ्याच जणांना एका-दोन खेपांत आराम पडतो. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत काढली तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आज जगभर तीच करतात. यूट्यूबवर बघून तू घरी त्यांची मान वळवायला जाऊ नकोस. कुठल्या कानातले खडे ते आधी कळायला हवं, आणि त्यांची मान दुखते म्हणाली होतीस.

आणखी दोन प्रश्न त्यांना विचार, सहज, भाजी निवडताना. चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि कळतही नाही, असं होतं का? होत असेल तर तळपायाची खबर कमी झाली आहे. मधुमेह वर्षानुवर्षं असला की होतं, आणि आपल्यासारख्या शुद्ध शाकाहारी घरांत बी-बारा कमी असलं तरी होतं. दोन्ही रक्ततपासणीत सापडतं, बी-बारा तर वेळेत भरूनही काढता येतं. दुसरा प्रश्न, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावता का? वीज वाचवायला अंधारात जाणाऱ्या आयांची मला भारी चीड आहे. तळपाय मंद, कान म्हातारे, आणि उरलेले डोळे आपणच बंद करायचे! जगात दरवर्षी साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल. त्यात साठीच्या पुढचीच जास्त.

एक मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेव. चकरेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले, चेहरा वा हातपाय एका बाजूने लुळा पडला, कधी नव्हे असं डोकं दुखलं किंवा धरूनही चालता येईना, तर तो कान नव्हे, मेंदू. तेव्हा सरबत नाही, झोपून बघू नाही, सरळ हॉस्पिटल.

सासूबाईंना शिडीवर नेणार नाही आपण, रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात नेऊ. बाहेर रणरणतं ऊन आणि आत काळ्या दगडाचा अंधार. डोळे सरावेपर्यंत उंबऱ्यापाशी मिनिटभर थांबवायचं, मग खांबाला बोट लावत आत. चप्पल तशीही बाहेरच राहणार, तळव्यांना दगड कळू दे. रात्री त्या माझ्याच खोलीत झोपतील, रात्रभर दिवा ठेवते. त्यांच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी विसरू नकोस. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालीस ना, ते खड्यांचं नाही. त्या दोन गोळ्या एकत्र कशा घेतात ते मला बघायचंय. त्यांच्या डॉक्टरांचा फोन नंबरही घेऊन ये.